दुष्काळाआधी नाती बांधा : मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळांसाठी कामाची पद्धत

लालबाग, परळ, माझगाव, मशीद बंदर या भागात अजूनही गावकीच्या खोल्या आहेत. माण, खटाव, जत, आटपाडी, पारनेर, संगमनेर, सिन्नरकडची माणसं महिन्यातल्या एखाद्या रविवारी तिथे जमतात, वर्गणीची वही उघडते, यात्रेचा आणि देवळाच्या कळसाचा हिशेब होतो. माथाडी, रिक्षावाले, पालिकेतले, बँकेतले, सगळे एका वहीत असतात. ही वही दुष्काळाच्या कामाला लावायची कशी, ते इथे टप्प्याटप्प्याने दिलं आहे.

आधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. एरवी अडचण आली की माणूस भावकीकडे, शेजाऱ्याकडे, शेजारच्या वाडीतल्या पाहुण्याकडे जातो. एकाचा बैल मेला, एकाच्या घरी दुखणं आलं, तर ही उसनवारी चोख चालते. दुष्काळ मात्र सगळ्यांच्या दारात एकाच आठवड्यात येतो. ज्याच्याकडे कडबा मागायचा त्याचीही गंज संपलेली असते, ज्याच्या विहिरीवर जायचं तिचाही तळ दिसत असतो. जवळची नाती कितीही घट्ट असली तरी त्या वर्षी त्यांच्याकडे द्यायला काही उरत नाही. कामाला येतात ते लांबचे धागे : जिथे पाऊस वेगळा आहे, कमाई वेगळी आहे, बाजार वेगळा आहे. मुंबईतलं मंडळ हा असा एक धागा आहे. दुसरा धागा बहुतेक मंडळांच्या ध्यानातच येत नाही, तो म्हणजे गावातल्या बायकांचं माहेर. त्याबद्दल पुढे सांगतोच.

पहिलं काम : कोण कोणाकडे जातं, ते कागदावर आणणं

हे काम चैत्रातल्या यात्रेच्या दिवसांत करावं. मुंबईकर गावी गेलेले असतात, ऊसतोडीला गेलेली कुटुंबंही एव्हाना परतू लागतात. दिवाळीत केलं तर नेमकी तीच कुटुंबं कारखान्याच्या फडात असतात आणि सर्वांत गरजू घरं यादीतून सुटतात.

प्रत्येक घराला पाच प्रश्न विचारा, याच साध्या भाषेत. अचानक पाच हजार रुपये लागले तर गावात कोणाकडे जाल, आणि गावाबाहेर कोणाकडे? घरचं पाणी संपलं तर कोणाच्या विहिरीवरून आणता? पेरणीआधी बियाण्याबद्दल कोणाचा सल्ला घेता? बैल, ट्रॅक्टर, पेरणीयंत्र कोणाचं घेता आणि बदल्यात काय देता? सरकारी कागद आला तर कोणाला दाखवता?

उत्तर देणारी व्यक्ती नुसता सातबाऱ्यावरचा पुरुष नको. घरातल्या बाईला वेगळं विचारा, आणि शक्यतो बाईनेच विचारावं. पैशाच्या प्रश्नावर नवरा-बायकोची उत्तरं अनेकदा वेगळी येतात. तो गावच्या कर्ज देणाऱ्या सहकारी सोसायटीचं नाव घेतो, ती बचत गटाचं किंवा बहिणीचं. दोन्ही खरी असतात.

मग मोठ्या कागदावर प्रत्येक घराला एक टिंब आणि क्रमांक द्या. पैशाच्या रेषा लाल, पाण्याच्या निळ्या, सल्ल्याच्या हिरव्या. जो मागायला जातो त्याच्याकडून देणाऱ्याकडे बाण. शंभर-सव्वाशे घरांच्या गावाला तीन-चार जणांना दोन ते तीन दिवस लागतात. नावं कागदावर लिहू नका, क्रमांक ठेवा, आणि नावांची यादी फक्त दोघांकडे असू द्या. कोण कोणाचं देणं लागतो हे व्हॉट्सॲप गटावर गेलं, तर पुढच्या वर्षी कोणी खरं बोलणार नाही.

कागद भरला की दोन गोष्टी डोळ्यांत भरतात. काही टिंबांवर दहा-बारा बाण येऊन थांबतात. हे गावाचे नाके : एखादा दुकानदार, आशाताई, पेरणीयंत्र असलेला शेतकरी. निरोप पोहोचवायचे ते यांच्यामार्फत. पण नाका एकच असेल तर धोका आहे, कारण तो माणूस आजारी पडला, रुसला किंवा निवडणुकीला उभा राहिला की सगळी वाट बंद. प्रत्येक नाक्याला दुसरा माणूस जोडून ठेवा. दुसरी गोष्ट म्हणजे ज्या टिंबातून गावाबाहेर एकही रेषा जात नाही अशी घरं. एकल बाई, भूमिहीन, नव्याने येऊन राहिलेलं कुटुंब, मेंढपाळ. यांची वेगळी यादी करा. मंडळाचं पहिलं काम या यादीपासून सुरू होतं, मदतीसाठी पुढे आलेल्यांपासून नव्हे. पुढे येतात ते बहुधा ज्यांचे धागे आधीच भरपूर आहेत तेच.

माहेरचा धागा

गावात शंभर सासुरवाशिणी असतील तर गावाची जवळजवळ तेवढीच नाती बाहेरच्या शिवारांशी आहेत. त्यांतली काही नदीकाठची, काही कालव्याखालची, काही उसाच्या पट्ट्यातली. १९८९ साली मार्क रोझेन्झ्वाइग आणि ओडेड स्टार्क या अर्थशास्त्रज्ञांनी दक्षिण भारतातल्या खेड्यांच्या नोंदी तपासून दाखवलं, की लेकी-सुनांची नाती लांबच्या गावांत असलेल्या कुटुंबांचं खाणंपिणं पीक बुडालेल्या वर्षी कमी ढासळतं. आपल्याकडच्या जाणत्या बायकांना हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही, पण मंडळाच्या वहीत ते कुठे लिहिलेलं नसतं.

म्हणून एक तक्ता करा : माहेरचं गाव, तालुका, पाण्याची सोय (कालवा, नदी, विहीर, कोरडवाहू), तिथली मुख्य पिकं, जनावर ठेवायला जागा मिळेल का, कडबा किंवा उसाचं वाढं (उसाचे हिरवे शेंडे) विकत मिळेल का. शंभरातली पंधरा-वीस गावं जरी पाण्याची निघाली तरी चाऱ्याचा आणि जनावरांचा मोठा प्रश्न सुटतो. फक्त मागणं एकट्या बाईच्या गळ्यात टाकू नका. "तुझ्या भावाला सांग" म्हणून सगळ्या गावाची जनावरं एका घरी पाठवली, की ते नातं एका उन्हाळ्यात तुटतं. मंडळाने लेखी ठरवावं : किती जनावरं, किती दिवस, चाऱ्याचे पैसे कोण देणार, दूध कोणाचं, जनावर दगावलं तर काय. निम्म्या वाट्यावर जनावर सांभाळायची रीत आहेच, तिला कागद जोडा.

पाण्याचा हिशेब : ऑक्टोबरच्या मध्याला

नात्यांच्या जाळ्यावर पाणी वाटायचं, तर आधी किती आहे ते सगळ्यांना एकाच वेळी दिसलं पाहिजे. आकडा गुप्त राहिला की प्रत्येक जण "दुसरा उपसतोय, मी का थांबू" म्हणतो.

परतीचा पाऊस थांबला की सगळ्या विहिरी एकाच दिवशी मोजा. दोरीला दगड बांधून पाण्याची खोली घ्या. वीस फूट व्यासाच्या गोल विहिरीत एक फूट पाणी म्हणजे साधारण ८,९०० लिटर. एवढ्याने भागत नाही, कारण खरी विहीर म्हणजे तिचे झरे. संध्याकाळी उपसा बंद करून पातळी लिहा, सकाळी पुन्हा लिहा. वीस फुटी विहिरीत रात्रीत किती फूट चढलं ते गुणिले ८,९०० हा तिचा रात्रभराचा आवरा, म्हणजे झऱ्यांतून आलेलं पाणी. मोटरचा उपसा मोजायला २०० लिटरची टाकी पुरते. ती २५ सेकंदांत भरली तर सेकंदाला ८ लिटर, तासाला २८,८०० लिटर.

आता गरज. हजार माणसांचं गाव, माणशी रोज ५५ लिटर, म्हणजे ५५,००० लिटर. चारशे मोठी जनावरं, प्रत्येकी ४० लिटर, म्हणजे १६,०००. ऑक्टोबरच्या मध्यापासून जूनअखेर २६० दिवस धरले तर एकूण १ कोटी ८४ लाख ६० हजार लिटर. आकडा प्रचंड वाटतो. त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. एका एकरावर १ मिलिमीटर पाणी म्हणजे ४,०४७ लिटर. मोकळ्या पाटाने उसाला वर्षाला २,००० मिलिमीटर पाणी धरलं तर एका एकराला ८० लाख लिटर लागतात. म्हणजे अख्ख्या गावाचं आणि जनावरांचं साडेआठ महिन्यांचं पाणी सव्वादोन एकर उसाइतकं आहे. ग्रामसभेच्या फळ्यावर हे दोन आकडे शेजारी लिहिले की पुढची चर्चा वेगळी होते.

हिवरे बाजार या गावाने पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली हेच केलं : पाण्याचा ताळेबंद गावासमोर मांडायचा, त्यावरून पिकं ठरवायची, शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही. त्याआधी, १९७२च्या दुष्काळानंतर, विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावातून पाणी पंचायत उभी केली. तिथलं तत्त्व आजही तपासून पाहावं असं आहे : पाण्याचा हक्क जमिनीच्या एकरांवर न देता घरातल्या माणसांवर, माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, आणि भूमिहीनालाही वाटा. जमिनीवर हक्क ठेवला की ज्याची जमीन मोठी त्याचं जाळं आणखी मोठं होतं. माणशी ठेवला की बिनजमिनीचं घरही वाटपाच्या बैठकीत बोलतं.

सामाईक विहिरीवरची पाळी कुठे फसते? घड्याळाच्या तासांवर. लाईट मध्येच जाते, रात्री वीज मिळणाऱ्या आठवड्यात एकाचे चार तास बुडतात आणि भांडण सुरू होतं. स्टार्टरला तास मोजणारं मीटर बसवा, पाळी मोटर प्रत्यक्ष चालल्याच्या तासांवर धरा. मुद्रांक कागदावर करार करताना चार ओळी विसरू नका : प्यायचं पाणी पहिलं, पातळी ठरलेल्या खुणेखाली गेली की शेतीचा उपसा बंद, हिस्सा विकायचा तर आधी हिस्सेदारांना विचारायचं, आणि भांडण झालं तर निवाडा कोण करणार. खूण विहिरीच्या आतल्या कडेला तेलरंगाने रंगवा. शब्दांवर वाद होतो, रंगाच्या पट्ट्यावर होत नाही.

चारा : इथे मंडळाचा पैसा सर्वांत जास्त कामाला येतो

दुष्काळात शेतकरी मोडतो तो पीक गेल्यावर नव्हे, जनावर पडत्या भावाने विकल्यावर. पीक पुढच्या हंगामात येतं, पण दुभती गाय पुन्हा घ्यायला कर्ज काढावं लागतं. मंडळं बहुतेक एप्रिल-मे महिन्यात जागी होतात, टेम्पोभर चारा घेऊन गावी जातात, फोटो होतात. तेव्हा कडबा सर्वांत महाग असतो. खरेदी फेब्रुवारी-मार्चमध्ये, रब्बी ज्वारीची काढणी झाल्या झाल्या करायची. त्यासाठी पैसे जानेवारीत हातात हवेत.

हिशेब असा. चाळीस घरांची ८० मोठी जनावरं, रोज प्रत्येकी ६ किलो सुका चारा, १०० दिवस : ४८,००० किलो, म्हणजे ४८ टन. हा जगण्यापुरता सुका चारा आहे. दुभत्या जनावराला हिरवा चारा आणि पेंड वेगळी लागते. यातला किती गावात आहे तो वजा करा, उरलेल्याची सोय माहेरच्या तक्त्यातून आणि बाजारातून.

वाहतुकीत पैसा जातो. पेंढ्यांचा कडबा जागा फार खातो, गाडी वजनाने भरायच्या आधी उंचीने भरते. विकत घेतलेल्या ठिकाणीच कुट्टी (बारीक तुकडे) करून पोत्यांत भरला तर एका खेपेत बराच जास्त माल येतो आणि गव्हाणीत नासाडीही कमी होते. इथे मुंबईकरांची ओळख उपयोगी पडते. वाशीच्या बाजार आवारात माल टाकून परत रिकाम्या जाणाऱ्या गाड्या कोणत्या भागात जातात, हे माथाडी आणि वाहतूकदार मंडळींना ठाऊक असतं. परतीच्या गाडीचं भाडं कमी पडतं. एक फोन नंबर, वेळेवर, कधी कधी पन्नास हजारांच्या देणगीइतका उपयोगी पडतो.

सुक्या, निकस चाऱ्याचा कस वाढवायला युरिया प्रक्रिया करतात. १०० किलो कुट्टी किंवा भुस्साला ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून घ्या. थर पसरा, झारीने सारखं शिंपडा, पायाने दाबा, पुढचा थर. प्लास्टिकने हवाबंद झाकून २१ दिवस ठेवा. वापरायच्या आधी लागेल तेवढा चारा उघड्यावर पसरून वास उडू द्या. सुरुवात थोड्यापासून करा आणि आठवड्याभरात प्रमाण वाढवा. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना देऊ नका, घोडा-गाढवाला नकोच. युरियाचं पाणी उघड्या बादलीत ठेवू नका, तहानलेलं जनावर ते पिऊन दगावतं. न विरघळलेले खडे हीसुद्धा विषबाधाच. हे काम पहिल्यांदा पशुवैद्यकाच्या डोळ्यांदेखत करून घ्या.

उसाचं वाढं स्वस्त मिळतं म्हणून नुसतं तेच खाऊ घालतात. त्यातलं ऑक्झलेट शरीरातलं कॅल्शियम ओढतं, दुभती जनावरं अशक्त होतात. कुट्टीवर चुन्याची निवळी शिंपडा, सुका चारा मिसळा, खनिज मिश्रण सुरू ठेवा.

सरकारी किंवा संस्थेच्या चारा छावणीला कमी लेखू नका. माणदेशी फाउंडेशनने २०१२-१३च्या दुष्काळात म्हसवडला छावणी उभी केली, तेव्हा आसपासच्या अनेक गावांची माणसं जनावरांसोबत तिथेच राहिली. छावणीत चारा मिळतोच, शिवाय एरवी कधी न भेटणारी वेगवेगळ्या गावांची माणसं महिनोन् महिने शेजारी राहतात. मंडळाने तिथे आठवड्यातून एकदा माणूस पाठवून कोण काय करतंय, कुठे काय मिळतंय ते लिहून आणावं. पण छावणीत घरचं एक माणूस अडकून पडतं. एकट्या बाईला ते जमत नाही, तिच्या दोन जनावरांची जबाबदारी शेजारच्या दावणीला द्यावी लागते. हे आधी ठरवा.

बियाण्याची पेढी

दुबार पेरणीच्या वेळी दुकानात बियाणं नसतं किंवा असतं ते भरमसाट दराने. गावाची छोटी राखीव पेढी हा त्यावर उपाय. एकरी गरज साधारण अशी : बाजरी दीड किलो, मूग-मटकी ५ ते ६ किलो, रब्बी ज्वारी ४ किलो, हरभरा २५ ते ३० किलो. शंभर घरांना प्रत्येकी अर्ध्या एकराच्या बाजरीला ७५ किलो पुरतात. हे एका कोठीत मावतं.

संकरित बाजरीचं घरचं बियाणं पुढच्या वर्षी पेरू नये, पीक एकसारखं येत नाही. धनशक्तीसारखा सुधारित वाण असेल तर बियाणं राखता येतं. रब्बी ज्वारीत मालदांडी सर्वांना माहीत आहेच. हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यम जमिनीला फुले सुचित्रा, भारी जमिनीला फुले वसुधा. वाणाचं नाव आणि जमिनीचा प्रकार पोत्यावर लिहा. नाही तर हलक्या माळावर भारी जमिनीचं बियाणं जातं आणि दोष पेढीला लागतो.

देण्याआधी उगवण तपासा. शंभर दाणे ओल्या गोणपाटात ओळीने ठेवा, गुंडाळा, ओल टिकवा, आठवड्याभरात मोजा. सत्तरच्या वर कोंब आले तर पेरा. साठ ते सत्तरच्या दरम्यान असतील तर बियाण्याचं प्रमाण वाढवा, त्याखाली पेरू नका. परतफेड सवाईने : एक पायली नेली तर सव्वा पायली. पीक बुडालं तर सवाई माफ, मुद्दल पुढच्या वर्षी. ही सूट नियमातच लिहा. माणसाला दारात येऊन तोंड वेंगाडावं लागलं तर तो पुन्हा येणार नाही.

पाऊस लांबला तर काय पेरायचं, हा निर्णय एकट्याने घेणं जड जातं, शेजारी पेरतो म्हणून माणूस पेरतो. म्हणून आधीच गटाने ठरवा : ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय चाडं हातात घ्यायचं नाही, म्हणजे पेरायचं नाही. १५ जुलै उलटली की मूग-उडदाचा नाद सोडून बाजरी, तूर, सूर्यफूल, हुलगा, एरंडीकडे वळायचं.

पैसा कसा फिरवायचा

दीडशे सभासद, महिना २०० रुपये, वर्षाला ३ लाख ६० हजार. चांगली रक्कम आहे. ती घरटी वाटली तर घराला दोन-तीन हजार, पंधरवड्यात संपतात. त्यापेक्षा निम्मी रक्कम चारा-बियाण्याच्या आगाऊ खरेदीला, आणि बरीचशी उरलेली गावातल्या महिला बचत गटांकडे फिरता निधी म्हणून द्या. गटाला कोणाची पत किती, कोणाच्या घरी खरंच नड आहे, हे मुंबईत बसलेल्या कार्यकारिणीपेक्षा नेमकं कळतं. दर आठवड्याची बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, नोंदी ही पंचसूत्री ज्या गटात खरोखर पाळली जाते, त्यालाच द्या. वही मागून पाहा. सगळ्या नोंदी एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या दिसल्या तर थांबा.

थोडी रक्कम, चाळीस-पन्नास हजार, राखून ठेवा आणि ती फक्त त्या बाहेर रेषा नसलेल्या घरांसाठी. ही घरं बचत गटातही बहुधा नसतात.

नोंदणी करून घ्या. संस्था नोंदणीला किमान सात सभासद लागतात, आणि विश्वस्त संस्था म्हणून नोंद वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात होते. नोंदणी नसताना लोकांकडून धर्मादाय निधी गोळा करायचा असेल तर तिथूनच परवानगी घ्यावी लागते. खात्यावर दोन सह्या, त्यातली एक गावातल्या व्यक्तीची.

बातमी वेळेवर पोहोचणं

कुलाब्याच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा अंदाज मुंबईत बसूनही वाचता येतो, आणि शेतीसाठीचा कृषी हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. मंडळातल्या एकानेच तो वाचून गावच्या बोलीत एका मिनिटाचा ध्वनिसंदेश करावा. चार जण चार ठिकाणचे अंदाज पुढे ढकलू लागले की कोणावरच विश्वास राहत नाही. ज्या घरात फोन नाही त्यांच्यासाठी रेशन दुकानासमोर फळा, आणि संध्याकाळी देवळाच्या भोंग्यावरून दोन वाक्यं. निरोप खरंच पोहोचला का, हे तपासायला शनिवारी त्या बाहेर रेषा नसलेल्या घरांपैकी दोन घरांना विचारा.

गावात स्वतःचं पर्जन्यमापक असू द्या. सरकारी आकडा महसूल मंडळाच्या केंद्राचा धरला जातो, आणि ते केंद्र डोंगराच्या पलीकडे असेल तर तिथे पाऊस आणि इथे धूळ, असं घडतं. रोज सकाळी साडेआठची नोंद, तारखेसह, महिन्याला ग्रामपंचायतीच्या दप्तरात पोच घेऊन. तुमच्या मापकाने सरकारी आकडा बदलत नाही, पण गाऱ्हाणं मांडताना हातात काही तरी असतं.

सरकारी दारं

इथे मुंबईकर एक चूक हमखास करतात. ओळख आहे म्हणून थेट मंत्रालय गाठतात. टँकरचा, कामाचा, छावणीचा कागद गावातून निघून पंचायत समिती आणि तहसीलमार्गे वर जातो, आणि खालचा कागद नसेल तर वरचा माणूस "प्रस्ताव येऊ द्या" एवढंच म्हणू शकतो. आधी ग्रामसभेचा ठराव, मग गटविकास अधिकारी आणि तहसीलदार यांच्याकडे अर्ज, प्रत्येक कागदाची तारखेची पोच. पोच घेतलेला कागद पंधरा दिवस हलला नाही, की मग मुंबईची ओळख वापरा. तेव्हा ती खरी लागू पडते.

सरकार दुष्काळ तालुक्यावार जाहीर करतं. २०१८ मध्ये १५१ तालुके, २०२३ मध्ये ४० तालुके, दोन्ही वेळा ३१ ऑक्टोबरला. जाहीर झाल्यावर जमीन महसुलात सूट, पीककर्जाचं पुनर्गठन, कृषिपंपाच्या वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्क माफी, अशा गोष्टी मिळतात. त्या आपोआप घरी येत नाहीत. दिवाळीला गावी जाताना कर्जाचं पुनर्गठन कोणाकोणाचं व्हायचं आहे ती यादी घेऊन जा. रोजगार हमीच्या कामाची मागणी लेखीच करा. ही योजना याच राज्यात १९७२च्या दुष्काळातून उभी राहिली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. तोंडी मागणीची कुठे नोंद होत नाही, म्हणून कामही निघत नाही.

ज्यांना काही महिने मुंबईला यावंच लागतं, त्यांच्यासाठी गावकीच्या खोलीतल्या दोन जागा जानेवारी ते जून राखून ठेवा. रेशनकार्ड गावचं असलं तरी धान्य मुंबईतल्या दुकानातून घेता येतं, हे अनेकांना ठाऊक नसतं. घरातली काही माणसं गावी असतील तर दोन्हीकडे थोडं थोडं उचला, सगळं इथेच उचललं तर गावच्या म्हाताऱ्यांना काही उरत नाही.

जाळं घात करतं तेव्हा

ज्या वाटेने चांगली बातमी जाते त्याच वाटेने वाईट सवयही जाते. एकाच्या बोअरला पाणी लागलं की भावकीत पाच बोअर होतात, पाचही खोल जातात, आणि तिसऱ्या वर्षी पहिल्याचंही पाणी जातं. कर्ज मात्र पाच घरांवर राहतं. राज्याच्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आहे. मंडळाने एक रुपयाही बोअरला देऊ नये, असा ठराव वहीत असावा. डाळिंबावरचा तेल्या रोगही असाच पाहुण्यांकडून आणलेल्या रोगट गुटी कलमांबरोबर बागेतून बागेत गेला. रोपं नात्यात फुकट मिळाली तरी आधी बाग बघून, खात्री करून घ्या.

आणि जाळ्याला भिंती असतात. एका वाडीचे निरोप दुसऱ्या वाडीत जात नाहीत, वस्तीवरच्या माणसाला विहिरीच्या बैठकीला कोणी बोलावत नाही. नकाशावर हे स्वच्छ दिसतं : दोन पुंजके, मध्ये एकही रेषा नाही. तिथे भाषण देऊन काही होत नाही. एखादं असं काम काढा जे दोघांशिवाय होणार नाही : तलावातला गाळ काढणं, एकच कुट्टीयंत्र दोन्हीकडे आठवड्याची पाळी लावून फिरवणं. सावड, पैरा, इर्जिक या एकमेकांच्या शेतात मिळून काम करायच्या रीती आपल्याकडे होत्याच, कुट्टीयंत्राची पाळी ही तीच रीत आहे. यंत्राची चावी आळीपाळीने एकेका वस्तीत राहू द्या, आणि पहिल्या महिन्याची पाळी आजवर बैठकीला न बोलावलेल्या वस्तीला द्या.